बांगड्यांवरची पट्टी

"हात दे वं बाई."

टेबलावर चढलेल्या प्रत्येक बाईला मावशी आधी एवढंच म्हणायची. नाव नाही, गाव नाही, कुठे दुखतं ते नाही. बाई बिचारी लाजेने अर्धी झालेली, पाय कुठे ठेवायचे या विचारात. तिला वाटायचं, नाडी बघणार असतील. ती मुकाट हात पुढे करायची. मावशी कमरेला खोचलेली जाळीची पट्टी काढायची, बाईच्या बांगड्या मनगटावर एकत्र करायची, त्यांच्यावरून चार वेढे घालायची आणि गाठ मारायची. मग दुसरा हात. आधी बांगड्या गप्प व्हायच्या, आणि मग मावशी बाईला गप्प करायच्या कामाला लागायची.

दिग्रसच्या ज्या प्रसूतिगृहात मी गेली अकरा वर्षं सिस्टर आहे, तिथे मावशी माझ्या आधीपासून आया होती. दवाखान्याचं नाव सांगत नाही. असे दवाखाने तालुक्यातालुक्याला आहेत, त्यातल्या एखाद्याच्या बेंचवर तुम्हीही नंबर लावून बसला असाल. मावशीचंही नाव सांगत नाही. मस्टरवर तिचं नाव होतं, पण त्या नावाने तिला कोणी हाक मारल्याचं मी कधी ऐकलं नाही.

पहिल्याच आठवड्यात मी तिला विचारलं होतं, "मावशी, हे पट्टीचं काय?"

"बाई टेबलाचा गज धरते जोरानं. मंग बांगडी फुटते. बांगडी फुटली का घरी सासू म्हनते, माह्या पोराच्या जिवावर आली."

"तुम्ही मानता हे?"

"मी कायले मानतो? आमच्या घरी नाई मानत कोनी असं काई. आमच्या आज्यानं दीक्षा घेतली तवाच हे सारं गुंडाळून ठेवलं." मग पट्टीची गाठ दाताने ओढत ती म्हणाली, "पन तिची सासू मानते ना."

सकाळी आल्यावर मला "जयभीम सिस्टर" आणि मारुतीच्या देवळावरून येणाऱ्या बायांना "रामराम बाई" म्हणणारी ही मावशी. कोणाच्या श्रद्धेला तिने कधी धक्का लावला नाही. स्वतः विधवा, हातात ना काच, ना काही. दुसऱ्यांच्या बांगड्या मात्र तिने अशा सांभाळल्या की त्या टेबलाखाली मला अकरा वर्षांत काचेचा तुकडा दिसला नाही. तेव्हा मला याचं फार कौतुक वाटायचं.

आता टेबलाचं सांगते, कारण त्याशिवाय मावशी कळायची नाही. ते टेबल ऑपरेशनचं नव्हे. ऑपरेशनला भूल देतात, भूलतज्ज्ञ येतात, घरचे लोक बाहेर हात जोडून उभे असतात. हे टेबल ओपीडीतलं, पडद्यामागचं. इथे बाई चालत येते आणि चालत जाते. तांबी बसवायची, तांबीचा दोरा हरवला असेल तर शोधून काढायची, पिशवीच्या तोंडावरचा मस काढायचा, पिशवीच्या आतला तुकडा काढून तपासायला पाठवायचा. आमच्या मॅडम म्हणायच्या, "पाच मिनिटांचं काम." आणि खरंच पाच मिनिटांचं असायचं. आता पाच मिनिटं म्हणजे किती, हे ज्याच्या त्याच्या जागेवरून ठरतं. चिमटा धरणाऱ्याची पाच मिनिटं वेगळी.

मॅडम वाईट नव्हत्या, अजूनही नाहीत. हात हलका, निदान पक्कं. पण सोमवारी बाजाराच्या दिवशी बाहेर साठ-सत्तर बाया. मी नवीन असताना एकदा म्हटलं होतं, "मॅडम, पिशवीच्या तोंडाशी सुन्न करायचं इंजेक्शन देऊन मग करू या का? यवतमाळला शिकत होते तेव्हा एक डॉक्टर तसंच करायचे."

मॅडम हातमोजे काढत म्हणाल्या, "सिस्टर, इंजेक्शन दिल्यावर पाच-सात मिनिटं थांबावं लागतं. बाहेर बघून या किती बाया आहेत. आणि मला सांगा, आजवर कोणी ओरडलंय का आपल्याकडे? गावच्या बाया फार सहनशील असतात."

मी बाहेर पाहून आले. खरंच खूप बाया होत्या. नंतर मी तो विषय काढला नाही.

ओरडायचं नाही, ही तर मावशीची करामत. पट्टी बांधून झाली की ती बाईच्या उशाशी उभी राहायची, तोंड तिच्या कानाशी न्यायची आणि विचारायची, "आज काय रांधलं वं?"

बाईला काही कळायचं नाही. पाय वर, कपडे वर, समोर डॉक्टर, आणि ही विचारतेय भाजी!

"वांगे," बाई कशीबशी म्हणायची.

"भरले का चिरून?"

"चिरून."

"तेल किती घातलं?"

या 'तेल किती घातलं'ला मॅडमचा चिमटा बरोबर पिशवीचं तोंड धरायचा. मावशीला बिनचूक कळायचं ते. बाईचा श्वास अडकायचा, डोळे पांढरे व्हायचे, आणि मावशीचा आवाज चढायचा, "अव तेल किती घातलं म्हनतो? पळीभर का दोन पळ्या?" बाई दातांतून "दो... न..." म्हणायची. मावशी म्हणायची, "बाप्पा, दोन पळ्या! लय श्रीमंत दिसतं वं तुह्यं घर! झालंच. झालंच बाई. झालंच आता."

हे 'झालंच' सुरुवातीपासून असायचं. काम सुरू व्हायच्या आधी एकदा, मध्ये पाच-सहा वेळा, आणि खरोखर झाल्यावर मात्र म्हणायची नाही. तेव्हा ती नुसती पट्टी सोडायची, चहासाठी जपून ठेवलेली साखर चिमूटभर बाईच्या हातावर द्यायची आणि म्हणायची, "बस थोडी. चक्कर येईन."

तालुक्यातल्या कोणत्या गावात काय शिजतं हे मावशीइतकं कोणालाच माहीत नसावं. एकदा मी थट्टेने म्हटलं, "मावशी, तुम्ही स्वयंपाकाचं पुस्तक काढा." ती म्हणाली, "काढीन. पन त्यात सगळ्या भाज्या जळलेल्याच भेटन तुमाले." आम्ही दोघी हसलो. मीही खळखळून हसले, हे मुद्दाम सांगते आहे.

आणि बाई गेल्यावर मी रजिस्टर उघडायचे. तारीख, नाव, वय, काय केलं, आणि शेवटच्या रकान्यात दोन शब्द: वेल टॉलरेटेड. म्हणजे, बाईने नीट सोसलं. हे दोन शब्द मी इतक्या वेळा लिहिले आहेत की माझी सही बिघडेल, पण ते बिघडणार नाहीत.

काहीतरी बिनसलंय हे मला आधी कापसाने सांगितलं. कापसाचा बंडल आठवडाभर पुरायचा, तो चार दिवसांत संपू लागला. दिग्रससारख्या कापसाच्या गावात कापसावरून कोणी कोणाला जाब विचारत नाही, पण दवाखान्याचा कापूस माझ्या ताब्यात. मी मावशीला म्हटलं, "कापूस कुठे जातो हो?" ती म्हणाली, "बाया लय येऊन राह्यल्या." बाया तेवढ्याच होत्या.

मग तिने फिकी साडी नेसणं सोडलं. रोज एकच, गडद चॉकलेटी. स्टुलावर बसायच्या आधी वर्तमानपत्र पसरायला लागली. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायची आणि खिडकीतून बाहेर बघत असल्यासारखं करायची. त्या खिडकीतून बघण्यासारखं काहीही नाही, समोर पाण्याची टाकी आहे. मी हे सगळं पाहत होते आणि काही म्हणजे काही जोडत नव्हते. अकरा वर्षांची सिस्टर! कोणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, वय झालं मावशीचं.

होळीनंतरचा दिवस. ओपीडी संपली होती. फरशीवर लाल थेंब दिसले. टेबलाखाली नेहमी असतात, त्यात नवल नाही. पण हे थेंब टेबलाकडून येत नव्हते. ते मावशीच्या स्टुलाकडून न्हाणीकडे गेले होते. मी वर पाहिलं. मावशी दारात उभी, ओला पोतेरा पायाखाली. तिने माझ्याकडे बघत बघत पायानेच पहिला थेंब पुसला.

"मावशी."

"काई नाई."

"तुमची पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

"झाली असन आठ-दहा."

"मग हे कधीपासून?"

तिने दुसरा थेंब पुसला, तिसरा पुसला. मग म्हणाली, "दिवाळीपासून."

पाळी गेल्यावर अंगावरून जाणं, मग तो एक थेंब का असेना, दाखवायलाच पाहिजे, हे आमच्या भिंतीवर लिहिलेलं आहे. मावशी रोज ती भिंत पुसायची. बाहेरच्या बायांना ती स्वतः दरडावून सांगायची, "लाजू नको, मॅडमले सांग." तुकडा काढून तपासल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. साधं काही असेल तर औषधाने जातं. साधं नसेल तर प्रत्येक आठवडा मोलाचा. दिवाळी ते होळी! मी बोटांवर महिने मोजले आणि भडकले.

"तुम्हाला अक्कल आहे का मावशी? रोज इथे उभ्या राहता, रोज बघता, आणि स्वतःचं लपवून ठेवता? कशासाठी?"

"रोज उभी राह्यतो ना," ती म्हणाली. "म्हनूनच."

"म्हणूनच काय?"

तिने डावी बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत आतल्या बाजूला बारीक पांढरे व्रण होते. कोंबडीने टोचून टोचून काढल्यासारखे, एकावर एक. पट्टी बायांच्या मनगटाला होती. बोटं मोकळी होती. गज सुटला की ती बोटं मावशीचा हात शोधायची.

"हे मले बाहेरून लागलं सिस्टर. त्यायले आतून काय होत असन? मी नाई चढत त्याच्यावर. मरन आलं तरी चालते."

मी समजावलं. मी रागावले. तिच्या मुलीला पुसदला फोन करीन म्हणून धमकी दिली. मावशी म्हणाली, "करा. ते येईन, रडीन, जाईन." आठ दिवस असेच गेले. मावशी टेबलाशी उभी राहून "तेल किती घातलं" विचारायची आणि मी तिच्या चॉकलेटी साडीकडे बघायचे. त्या आठ दिवसांत एकाही बाईचं नाव माझ्या लक्षात राहिलं नाही.

नवव्या दिवशी मी तिला कपाटापाशी नेलं. आतून छोटी बाटली काढून दाखवली.

"ही ओळखता?"

"न ओळखाले काय झालं? टाक्याची सुई आहे. बाळंतीन बाईले टाके घालतानी देते मॅडम."

"हीच पिशवीच्या तोंडाशी देता येते. मग चिमटा कळत नाही. थोडं ओढल्यासारखं होतं, बस."

मावशी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग चक्क हसली. "सिस्टर, मले कायले फसवता? मी वीस वरसं झालंच-झालंच म्हनून राह्यली. मले नाई कळत का, बाईले टेबलावर चढवाले काय-काय सांगा लागते?"

हे मला कसं लागलं ते काय सांगू! खरं बोलत होते, आणि ती मान्य करायला तयार नव्हती. तिने स्वतः इतक्या बायांची खोटी समजूत घातली होती की खरी समजूत तिला ओळखताच येईना. शेवटी मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "तुम्ही चढा. दुखलं तर मला थोबाडीत मारा. सगळ्यांसमोर मारा."

ती म्हणाली, "मारीन हं मंग."

मॅडमना मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "अरे देवा, दिवाळीपासून?" त्या लगेच उठल्या. बाहेरच्या बायांना थांबवलं. मी इंजेक्शनचं नाव काढायच्या आधी त्याच म्हणाल्या, "लोकल देऊन करू. मावशी आपल्या घरच्या आहेत, त्यांना दुखू देणार नाही मी."

मावशी टेबलावर चढली. ते टेबल तिने हजारदा पुसलं असेल, पण पाय कुठे ठेवायचे हे तिला सुचेना. मी तिच्या उशाशी, तिच्या जागेवर उभी राहिले. काय करायचं ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "हात द्या मावशी." तिने हात पुढे केले. बांधायला काही नव्हतं, रिकामी मनगटं. मी पट्टी खिशात ठेवली आणि नुसते हात धरले. बर्फासारखे गार होते.

"आज काय रांधलं?"

"काई नाई रांधलं."

मॅडमनी सुई दिली. "आता पाच मिनिटं थांबू," म्हणाल्या. आम्ही थांबलो. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मी पहिल्यांदाच त्या खोलीत स्वस्थपणे पाहिला. बाहेर कोणाचं बाळ रडत होतं. मावशी डोळे गच्च मिटून होती, दात आवळलेले, मान ताठ. मॅडमनी चिमटा घेतला, काम केलं, तुकडा बाटलीत टाकला, झाकण लावलं.

"झालं मावशी."

मावशीने डोळे उघडले नाहीत. "करा ना आता," ती म्हणाली.

"अहो, झालं."

तिने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हसेल. थोबाडीत मारायचं राहिलं म्हणून काहीतरी बोलेल.

"येवढंच?" ती म्हणाली.

"हो मावशी. म्हटलं होतं ना."

"येवढंच होते?"

आणि ती रडायला लागली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. नवरा गेल्यावर परत कामावर आली तेव्हाही नाही. मॅडम घाबरल्या. "दुखतंय का? मावशी, दुखतंय?" मावशी मान हलवत होती, नाही, नाही, नाही. खाली उतरली, साडी सारखी केली आणि दोन्ही हातांनी कपाटाचा दरवाजा धरून उभी राहिली.

"ही सुई इथंच होती," ती म्हणाली. "सारे दिवस इथंच होती. अन् मी त्यायले भाजी इचारत होती."

"मावशी, तुम्ही आमच्या घरच्या..." मॅडम काहीतरी बोलू लागल्या.

"अन् बाकीच्या कोनाच्या घरच्या होत्या वो मॅडम?"

मॅडमनी हात धुवायला घेतले, खूप वेळ धुतले. मी रजिस्टर उघडलं. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं, मग मी रोजचे दोन शब्द लिहिले. त्या दिवशी ते पहिल्यांदा खरे होते.

तुकड्याचा रिपोर्ट दहा दिवसांनी आला. मॅडमनी वाचला आणि माझ्याकडे सरकवला. जे नको होतं तेच होतं, आणि पिशवीपुरतं राहिलेलं नव्हतं, हे पुढे नागपूरला कळलं. तिथे ऑपरेशन झालं, किरणांचे शेक दिले. तिथल्या डॉक्टरांनी मुलीला विचारलं म्हणे, "आधी का नाही आणलं?" मुलगी काय सांगणार? तिची आई दवाखान्यातच तर होती रोज.

पावसाळा लागल्यावर मावशी परत आली. कामावर नव्हे, कामाचं बळ नव्हतं. डोक्याला रुमाल, गालफडं बसलेली, तीच चॉकलेटी साडी आता तिच्याभोवती दोनदा फिरेल इतकी ढगळ. सकाळी ओपीडी उघडायच्या वेळेला आली, आणि आत न येता बाहेरच्या बेंचवर बायांमध्ये जाऊन बसली.

मला आधी वाटलं, जुन्या जागेची ओढ. दुपारी केसपेपर घेऊन बाहेर गेले तेव्हा ऐकलं.

"तुले काय करा सांगतलं?"

"तांबी बसवाची आहे."

"मंग सुई माग. सुन्न कराची सुई. मांगल्याशिवाय टेबलावर चढू नको. काय म्हनशीन?"

"सुई द्या म्हनीन."

"कोनती?"

"सुन्न कराची."

"हां. अन् दुखते बरं का. कोनी नाई म्हनलं तरी दुखते. ते तुह्या मनाचे खेळ नाई."

रोज यायची. भाजी विचारायची नाही आता, 'झालंच' म्हणायची नाही. शाळेतल्या बाई पाढे घेतात तशी एकेकीकडून वाक्य घोकून घ्यायची. मध्येच पोट धरून वाकायची, कळ जाऊ द्यायची आणि पुढच्या बाईकडे सरकायची. बाया आत येऊन सुई मागू लागल्या. काही तिचा चेहरा बघूनच घाबरल्या आणि बेंचवरून उठून घरी गेल्या, हेही खरं आहे. त्यात एखादी अशी असेल का, जिने यायलाच हवं होतं? मला माहीत नाही. मावशीला मी हे विचारलं नाही. तिने स्वतःला विचारलं असेल.

ओपीडी रेंगाळू लागली. एकेका बाईला सुई, मग पाच मिनिटं. दोन वाजता संपणारं काम चारला संपायचं. पंधरा दिवस मॅडमनी सोसलं. मग एका सोमवारी, बाहेर जिन्यापर्यंत बाया उभ्या असताना, त्यांनी मला बोलावलं.

"सिस्टर, मावशींना घरी पाठवा. त्यांना आराम हवा आहे. आणि पेशंट घाबरतात त्यांना बघून."

"मॅडम, त्या चुकीचं काही सांगत नाहीत."

"मी कुठे म्हणते चुकीचं? जी मागेल तिला द्या, मी नाही म्हटलंय का कधी? पण माझी ओपीडी बेंचवरून चालणार नाही. तुम्ही सांगता, की मी सांगू?"

आणि मी गेले. हे मला लिहायचं नव्हतं. एवढं सगळं लिहिलं ते हे टाळता येतं का बघावं म्हणून, पण टळत नाही. माझी नोकरी होती, माझ्या पोरांची शाळा होती, मॅडमचं बोलणं अगदीच खोटंही नव्हतं, ही सगळी कारणं मी त्या वीस पावलांत गोळा केली. मावशीसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "मावशी, चला. घरी जाऊन पडा जरा. मॅडम म्हणताहेत."

तिने माझ्याकडे पाहिलं. भांडली असती तर बरं झालं असतं. मी तर थोबाडीत खायलाही तयार होते, ती उधारी होतीच.

ती उठली. उठताना बेंचला धरावं लागलं. कमरेत अजूनही जाळीच्या पट्टीची गुंडाळी खोचलेली होती. ती काढून तिने माझ्या हातावर ठेवली.

"ढिली बांधत जा," म्हणाली. "घट्ट बांधली का हात काळे पडते."

जिना उतरताना ती मधल्या पायरीवर थांबली, त्या पाण्याच्या टाकीच्या खिडकीपाशी. मला वाटलं, मागे वळून बघेल. श्वास घेऊन झाल्यावर ती खाली गेली.

पोळ्याच्या आठवड्यात तिच्या मुलीचा फोन आला. मी गेले. घरात बुद्धवंदना सुरू होती, पांढऱ्या साड्यांतल्या बाया ओळीने बसल्या होत्या. त्यातल्या चार-पाच तरी आमच्या टेबलावर येऊन गेलेल्या होत्या. मी चेहरे विसरते, पण आपण कोणाला कसं पाहिलंय ते विसरत नाही. मावशीचा डावा हात चादरीबाहेर राहिला होता, व्रणांची बाजू वर. मी तो आत घेतला.

दवाखाना चालू आहे. तिच्या जागी नवी आया आली आहे, स्वभावाने चांगली आहे. नियम मॅडमनी ठरवला तोच आहे: जी मागेल तिला सुई. न मागणाऱ्यांना सांगायचं असं कुठे लिहिलेलं नाही. मागायला शिकवणारी जी होती तिला मी उठवलं. बेंचवर बाया येतात, बसतात, पदर तोंडाशी धरून नंबराची वाट बघतात. आपल्याला काय मागता येतं हे त्यांना कोण सांगणार?

परवा एक तरुण सून आली. वीस-बावीसची असेल. दोनदा पोट पडलेलं, तिसऱ्यांदा राहतच नाही म्हणून आतला तुकडा काढून बघायचा होता. सासू बाहेर बसलेली. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. टेबलावर चढली ती डोळे मिटूनच. मी खिशातून पट्टी काढली.

"हात दे वं बाई."

तिने हात दिले. मी चार वेढे घातले, ढिले. गाठ मारली. तिच्या ओठांकडे बघत थांबले, ती काही म्हणेल म्हणून. तिने मागितलं नाही. तिला कुठून माहीत असणार? मॅडमनी चिमटा उचलला आणि विचारलं, "सुरू करू ना सिस्टर?"

"थांबा मॅडम," मी म्हणाले. "ती सुई मागते आहे."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. ती एक अक्षरही बोलली नव्हती, हे आम्हा तिघींनाही माहीत होतं. मी तिचे बांधलेले हात सोडले आणि कपाट उघडायला गेले.